इंदूरमध्ये दारूच्या दुकानाविरुद्ध धरण्याला बसलो तर पोलीस आणि पुढारी काय करतात?

तुम्ही विचारलंय, वस्तीतल्या दारूच्या दुकानाविरुद्ध बायका धरण्याला बसल्या तर पोलीस उचलतील का आणि पार्षद (नगरसेवक) पाठीशी उभे राहतील का. आम्ही याच कारणासाठी अकरा दिवस बसलो होतो, म्हणून लिहिते.

पहिल्या दिवशी कुणी ओरडत नाही. टीआय (ठाण्याचे प्रमुख) आले, सतरंजीच्या कडेला उभे राहिले, ‘ज्ञापन (निवेदन) द्या आणि घरी जा’ म्हणाले. त्यांच्यामागे एक शिपाई मोबाइलवर एकेकीचा चेहरा टिपत होता. कशासाठी, ते तिसऱ्या दिवशी कळलं. पुढे बसणाऱ्या तिघींच्या घरी ‘बाउंड ओव्हर’च्या नोटिसा आल्या. एकीचे सासरे दुपारीच तिला न्यायला आले. लाठीपेक्षा या कागदाने जास्त माणसं उठतात. पण ती शिक्षा नव्हे; शांतता राखण्याची हमी मागतात. वकील घेऊन हजर राहायचं, घाबरायचं नाही.

इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्त आहेत. पूर्वी जमावबंदीचा हुकूम कलेक्टर काढायचे, आता पोलीसच काढतात (जुनं १४४, आता १६३ कलम), आणि हमीही तेच घेतात. अडवणारा आणि सुनावणी घेणारा एकाच खात्यातला, हे मला आजही पटत नाही. म्हणून बसण्याआधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १७० कलमाखाली (गुन्हा होऊ नये म्हणून आधीच केलेली अटक) नेलं, तर कायद्याच्या दुसऱ्या तरतुदीचा आधार असल्याशिवाय चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

पार्षद आले चौथ्या दिवशी, पेपरात फोटो छापून आल्यावर. त्यांनी वरच्या नेत्यांना फोन लावून स्पीकरवर ऐकवलं, ‘तीन महिने द्या, दुकान हलवतो.’ टाळ्या पडल्या. शेजारच्या काकूंनी वही पुढे केली, ‘भाऊ, तारीख घालून सही करा.’ त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि मीटिंग आहे म्हणून निघाले.

मुदत दिली की लोक उठतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. इंदूरजवळचं पीथमपूर आठवा. भोपाळहून युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा तिथे जाळायला आणला तेव्हा ३ जानेवारी २०२५ ला लोक रस्त्यावर आले, लाठीमार झाला, दोघांनी पेटवून घेतलं. त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी कोर्टाकडे वेळ मागायचं ठरवलं. हायकोर्टाने सहा आठवडे दिले आणि वातावरण निवळलं. जून संपेपर्यंत तो कचरा तिथेच जाळून झाला होता.

आमचं काम टेपने केलं. राज्याच्या २०२३ च्या धोरणात शाळा आणि देवळापासून दुकानाचं अंतर ५० वरून १०० मीटर केलंय. दोघींनी शाळेच्या फाटकापासून शटरपर्यंत टेप धरला: ९१ मीटर. फोटोसकट अर्ज आबकारी (दारूचे परवाने देणाऱ्या) खात्यात दिला, पोच घेतली, एक प्रत पार्षदांच्या हातात ठेवली. अकराव्या दिवशी शटर उघडलं नाही.

तुमच्या दुकानाजवळ शाळा किंवा देऊळ असेल तर सतरंजी टाकण्याआधी अंतर मोजून घ्या. टेप पन्नास मीटरचा आणा, लहान टेपने जोडून मोजलं तर साहेब मानत नाहीत.