टॉवेल कारखान्यात कृती संशोधन करायचंय, चौकट हाबरमासची घेऊ की गिडन्सची?

कृती संशोधन म्हणजे कामगारांसोबत बदल करत आणि त्याचे परिणाम बघत केलेला अभ्यास. त्याची सैद्धांतिक चौकट प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणापुरतीच हवी असेल तर कुठलीही घ्या, काही बिघडत नाही. सिद्धांत खरा लागतो तो बैठकीला कोण बसणार हे ठरवताना.

खुल्या संवादाचा विचार मांडणारा जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास, त्याची अट सरळ आहे: हरकत कुणालाही घेता यावी आणि निकाल कारणावर लागावा, हुद्द्यावर नाही. आता सोलापूरचा कारखाना बघा. समोर मालक आणि जॉबर (कामगारांवरचा मुकादम), कामगाराच्या घरी तेलुगू, बैठक मराठीत, टिपणं इंग्रजीत. तिथलं ‘सर्वानुमते’ खोटं असतं. विणकरांची बैठक वेगळी घ्या, कांडी भरणाऱ्या बायकांची वेगळी. मालक नको, भाषा त्यांची. टिपण आधी त्यांनाच वाचून दाखवा, दुरुस्त्या करा, मगच वर जाऊ द्या. आणि मजुरी! नगावर पैसे मिळणाऱ्याचा बैठकीतला अर्धा तास त्याच्या खिशातून जातो. सरासरी कमाईप्रमाणे भरपाई देण्याचं मालकाकडून सुरुवातीलाच लिहून घ्या. नाहीतर दुसऱ्या बैठकीला जॉबरची माणसंच उरतात.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ गिडन्स लागतो तुम्ही निघून गेल्यावर, बदल टिकतो का हे बघताना. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक या संशोधन संस्थेच्या ए. के. राइस यांनी 1953 मध्ये काम सुरू केलं. स्वयंचलित माग आले, पण उत्पादन वाढेना. 224 मागांवरची कामं 12 प्रकारांत फोडलेली, त्यामुळे ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी कुणा एका टोळीची नव्हतीच. राइस यांनी मागांचा एक गट, त्यावर एक छोटी टोळी अशी कल्पना मांडली. टोळ्या जमवल्या कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी. उत्पादन सुधारलं. पुढे 1970 मध्ये त्याच संस्थेच्या एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका खात्यात ही पद्धत जवळपास तशीच टिकलेली होती, दुसरीकडे बरीचशी विरून गेली होती. रचना रोजच्या वागण्यातूनच टिकते किंवा मोडते, हे गिडन्सचं म्हणणं इथे कामाला येतं. सुताचा दर्जा, बदली कामगार, नगाचा दर यांची नोंद शेवटपर्यंत ठेवा. यातलं एक बदललं तरी टोळीवर ताण येतो.

आधी एक प्रश्नावली, नंतर एक प्रश्नावली, मध्ये एक प्रशिक्षण, याला कृती संशोधन म्हणू नका, मार्गदर्शक कितीही आग्रह धरोत. कृती संशोधनाची कल्पना मांडणारे मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1946 मध्येच आखणी, कृती आणि तिच्या परिणामांचा शोध अशी फेऱ्याफेऱ्यांची वाट सांगितली होती. पहिल्या फेरीनंतर तुमचा प्रश्नच बदलला नाही, तर कामगारांचं तुम्ही ऐकलेलं नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

आठ-दहा मागांच्या घरगुती कारखान्यात मात्र वेगळी बैठक मालकाला कळवूनच घ्या, संशय कामगारावर येतो. टिपणात नाव गाळणंही तिथे पुरत नाही. ‘रात्रपाळीचा जुना विणकर’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.