इतिहासाची क्विझ: सुरुवातीला एवढंच

मॅडम, वर्गात इतिहासाची क्विझ पहिल्यांदाच घेताय, तर पहिल्या तासाला वीस प्रश्न नकोत, पाच बास झाले. कहूटवर (मोबाईलवर खेळायची ऑनलाइन क्विझ) प्रश्नाची वेळ वाढवता येते, ती वाढवाच. घाईत पोरं न वाचता बटणं बडवतात.

नवखे हमखास सनावळीच विचारतात. त्यापेक्षा शाहू महाराजांचं राज्यारोहण (1894), 50 टक्के जागा राखीव ठेवण्याचा आदेश (1902) आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण (1917) हे साल न दाखवता क्रमाने लावायला द्या. चुकीचा पर्यायही पटण्यासारखा हवा. पन्हाळ्याला 1660 मध्ये वेढा कुणी घातला? सिद्दी जौहर या बरोबर उत्तराशेजारी अफजलखान ठेवा. तो 1659 मध्येच मारला गेला होता, म्हणजे वर्गात वाद रंगणार. रंगू द्या!

- उत्तरानंतर थांबून 'का?' विचारा.
- मोबाईल सगळ्यांकडे नसतात, जोड्या करा.
- याचे गुण परीक्षेत धरू नका.