झोपडपट्टीतल्या घरांचं डिझाइन करायचं पहिलंच काम आहे ना, मग हे ऐक
अरे, पहिल्याच मीटिंगला थ्रीडी व्ह्यू घेऊन जाऊ नकोस, बायका माना डोलावतात आणि घरी जाऊन म्हणतात ओटा कुठंय तेच कळलं नाही. त्यापेक्षा जमिनीवर चुन्याने खोली आख, जुन्या साड्या बांधून भिंती उभ्या कर, मग बघ, लगेच कोणीतरी विचारतं की हंडे-कळशा कुठं ठेवायच्या आणि मोरीचं पाणी कुठं जाणार. पुण्यात येरवड्याला जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर सुधार योजनेतून 270 स्क्वेअर फुटांची घरं जुन्या झोपड्यांच्या जागेवरच बांधली, महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या बचत संघटनेच्या बायका त्यात होत्या, जाऊन बघ एकदा. आणि मीटिंग रात्री जेवणं उरकल्यावर ठेव, दुपारी नुसते पुढारी येतात, माझा एक अख्खा प्लॅन त्यापायी परत काढावा लागलेला.