उबुंटू लिनक्सवर अपडेट चालू असताना लाईट गेली. तेव्हापासून ‘एपीटी अपडेट’ दिलं की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येऊन ते कोसळतं, सिनॅप्टिकही आपोआप बंद होतं. फॉरमॅट मारू का?

नका मारू. अपडेट चालू असताना लाईट गेली आणि तेव्हापासून हे सुरू झालं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत. सिनॅप्टिक काढून परत टाकण्यातही वेळ घालवू नका. एपीटी म्हणजे सॉफ्टवेअर (पॅकेजं) बसवणारा आणि अपडेट करणारा प्रोग्रॅम, सिनॅप्टिक तेच काम खिडकीत, माऊसने करतं. दोघं आतून एकच लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतात, म्हणून दोघं एकाच ठिकाणी आपटतायत.

एपीटी पॅकेजांच्या याद्या दरवेळी पहिल्यापासून वाचत बसत नाही. एकदा वाचल्या की त्यांची एक बायनरी फाइल करून ठेवतं, /व्हार/कॅश/एपीटी मध्ये, ‘पीकेजीकॅश डॉट बिन’ नावाची. ती खराब झाली की वाचता वाचताच प्रोग्रॅम कोसळतो. फाइल उडवली तरी बिघडत नाही, एपीटी नवी बनवतं. ‘सुडो एपीटी क्लीन’ एवढ्यानेच ती जाते, सोबत उतरवून ठेवलेली पॅकेजंही जातात, जाऊ देत. तरीही आपटलं तर /व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्स मधल्या याद्या पुसा आणि पुन्हा अपडेट द्या. चाललं की ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, म्हणजे लाईट गेली तेव्हा अर्धवट राहिलेली पॅकेजं मार्गी लागतील. आणि हो, डिस्क भरलेली नाही ना, हे आधीच ‘डीएफ -एच’ देऊन बघा.

/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस या फाइलला मात्र उगाच हात लावायचा नाही. मशीनवर काय काय बसवलंय त्याची वही आहे ती, आपोआप पुन्हा तयार होत नाही. तीच फाटली असेल तर शेजारी ‘स्टेटस-ओल्ड’ असते, /व्हार/बॅकअप्स मध्येही जुन्या प्रती सापडतात. आधी कॉपी काढा, मग बदला.

एवढं करूनही क्रॅश होत असेल, आणि दरवेळी वेगळ्याच ओळीवर, तर संशय रॅमवर घ्या. माझ्या जुन्या डेस्कटॉपने मला असंच नाचवलं होतं. कधी एपीटी कोसळायचं, कधी फायरफॉक्स, आणि मी आठवडाभर कॅश पुसतोय! शेवटी रात्री मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावून झोपलो, सकाळी स्क्रीन लालेलाल. नवी रॅम आणायला पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत निघालोच होतो, तेवढ्यात शेजारचे काका म्हणाले, “अरे, खोडरबर फिरवून बघ आधी.” अप्पा बळवंत चौकातून आणलेलं पाच रुपयांचं खोडरबर पट्टीच्या सोनेरी दातांवर फिरवलं, परत बसवली. पुढची मेमटेस्ट स्वच्छ. (मशीन बंद करून, वायर काढून, बरं का.)

रॅमही ठीक निघाली तर क्रॅश झाल्याझाल्या ‘सुडो डीमेसेज’ द्या आणि शेवटच्या चार-पाच ओळी इथे टाका. कोणत्या लायब्ररीत आपटलं ते तिथे लिहिलेलं असतं.