रेशीचा अर्क देण्याआधी

आईसाठी रेशी या औषधी मशरूमचा अर्क मागवतोयस ना, मग आधी तिच्या गोळ्यांचा डबा उघडून बघ. त्यात वॉरफॅरिन किंवा ॲस्पिरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही देऊ नकोस. रेशीने रक्तस्राव वाढू शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना हेही आधीच सांग. चागा हे दुसरं औषधी मशरूम मात्र नकोच, त्यात किडनीला घातक ठरू शकणारं ऑक्झलेट फार. जपानमध्ये महिनोन्‌महिने रोज चागाची पूड खाणाऱ्या एका बाईंची किडनी निकामी झाल्याची नोंद आहे.

बाटलीवर बीटा-ग्लुकान, म्हणजे मशरूममधला मुख्य घटक, किती टक्के लिहिलंय ते वाच. नुसतं ‘पॉलिसॅकराइड’ (असे सगळेच पिष्टमय पदार्थ) लिहिलं असेल तर त्यात धान्याचा स्टार्चही मोजलेला असू शकतो. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर त्याच दिवशी बंद कर आणि लिव्हरची तपासणी करून घे. आणि ‘कॅन्सर बरा होतो’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नकोस, बाबा.