पोर्ट्रेट सोडून भिंतीकडे वळू का? सार्जंटने केलं ते चूक होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दहा वर्षं पोर्ट्रेट करताय, बऱ्यापैकी कामं मिळतात, आता एका मोठ्या भिंतीचं काम आलंय. आणि कुणीतरी सांगितलं की जॉन सिंगर सार्जंट या नावाजलेल्या अमेरिकन पोर्ट्रेट-चित्रकाराने भित्तिचित्रांच्या नादात आयुष्याची ऐन वर्षं वाया घालवली, तेव्हा जपून.

मी दोन्ही करतो. भिंती कमी, चेहरे जास्त. सार्जंटबद्दल तुम्हाला सांगितलेलं अर्धंच खरं आहे.

आधी हिशेब बघा. बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं काम त्याच्याकडे 1890 मध्ये आलं, तेव्हा तो 34 वर्षांचा होता. ‘मादाम एक्स’ या एका बाईच्या पोर्ट्रेटवरून पॅरिसमध्ये 1884 साली झालेली नाचक्की मागे पडली होती. त्या चित्रातल्या झग्याचा खांद्यावरून घसरलेला पट्टा त्याने नंतर पुन्हा रंगवून जागेवर आणला, आणि स्वतः लंडनला जाऊन राहिला. पोर्ट्रेटची कामं पुन्हा येऊ लागली. म्हणजे भिंत आली ती पोर्ट्रेट चालेनाशी झाली म्हणून नाही. पुढची जवळजवळ सतरा वर्षं त्याने दोन्ही एकत्र रेटलं, आणि 1907 च्या सुमारास तैलरंगातली पोर्ट्रेट घेणं जवळपास बंद केलं. तेव्हाही लोक पाठ सोडेनात. मग तो कोळशात दोन-तीन तासांत चेहरा काढून द्यायचा. मला विचाराल तर त्यातले काही चेहरे त्याच्या मोठ्या, रेशमी झग्यांच्या पोर्ट्रेटपेक्षा सरस आहेत. त्यातच जलरंग चालू. 1909 मध्ये ब्रुकलिनच्या संग्रहालयाने त्याचे 80 च्या वर जलरंग एकगठ्ठा विकत घेतले. याला वाया जाणं कसं म्हणायचं?

आता अर्ध्या खऱ्या भागाकडे येतो.

पोर्ट्रेट करताना सार्जंट कॅनव्हास मॉडेलच्या शेजारी उभा करायचा, लांब मागे जायचा, दोन्हीकडे एकदम बघायचा, मग पुढे येऊन ब्रशचा एकच फटकारा मारायचा आणि पुन्हा मागे. दिवसभर ही येरझार. म्हणून त्याची चित्रं जवळून नुसती रंगाची फरफट वाटतात आणि चार पावलं मागे सरलात की मोत्यांची माळ दिसते. हे अंतर त्याचं त्याने ठरवलेलं असायचं.

भिंतीवर अंतर इमारत ठरवते. माझ्या पहिल्या भिंतीवर मी एक चेहरा चौरस पाडून मोठा केला. परांचीवर उभं राहून तो झकास वाटत होता. खाली उतरलो तर हनुवटी अंगावर येत होती आणि कपाळ पळून गेलं होतं. दोन दिवसांचं काम खरवडलं. चेहऱ्याची जाण होती, पण बघणारा कुठे उभा राहणार हे मी विचारलंच नव्हतं. सार्जंटला हे पक्कं कळत होतं, म्हणून त्याने ग्रंथालयाच्या त्या दालनाची छोटी प्रतिकृती बनवून घेतली होती. तो इंग्लंडमध्ये कॅनव्हासवर रंगवायचा, तो कॅनव्हास जहाजाने जायचा आणि बॉस्टनला भिंतीला चिकटवला जायचा. टप्प्याटप्प्याने: 1895, 1903, 1916, 1919.

विषय धर्माचा इतिहास. त्यासाठी त्याने इजिप्तपर्यंत प्रवास केला, सोन्याचा वर्ख वापरला, उठावाचं काम केलं. आणि नेमका तो फटकारा गाळला! ज्या हातासाठी जग त्याच्या दारात रांग लावत होतं, तो हात भिंतीवर फारसा दिसतच नाही. लोकांना सगळ्यात आवडली ती बायबलमधल्या प्रेषितांची रांग, कारण तिथे माणसं आहेत. झग्याखाली शरीर आहे, चेहऱ्यावर काहीतरी चाललंय. थोडक्यात, तो पुन्हा पोर्ट्रेटच करत होता. बॉस्टनच्याच कलासंग्रहालयाच्या घुमटातले त्याचे ग्रीक देव मला फिके वाटतात. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेक देवांसाठी, आणि काही देवींसाठीही, टॉमस मॅकेलर हा एकच कृष्णवर्णीय तरुण मॉडेल होता. तो एका हॉटेलात लिफ्ट चालवायचा. भिंतीवर देव गोरे झाले. पण सार्जंटने त्याचं समोर बसवून केलेलं तैलचित्र बघा, घुमटातले सगळे देव त्यापुढे उतरलेले दिसतील.

दुसरी गोष्ट, ‘भिंतीवर ग्राहकाची कटकट नसते’ असं समजून वळत असाल तर थांबा. पोर्ट्रेटमध्ये एक माणूस आणि त्याची बायको नाक मुरडतात. भिंतीपुढून अख्खं गाव जातं. ग्रंथालयातल्या 1919 च्या टप्प्यात सार्जंटने ख्रिस्ती धर्म ताठ बसलेल्या तरुणीच्या रूपात दाखवला आणि ज्यू धर्म डोळ्यांवर पट्टी असलेल्या, मुकुट ढळलेल्या वृद्धेच्या रूपात. युरोपातल्या जुन्या चर्चवरचा हा संकेत त्याने उचलला होता, पण ग्रंथालय काही चर्च नव्हे. ज्यू समाजाचा विरोध रास्त होता. ज्यू धर्माचं ते चित्र तिथून हटवण्यासाठी कायदा झाला, तो पुढे रद्द झाला, चित्रावर शाई फेकली गेली. या दोन चित्रांच्या मध्ये, सगळ्या मांडणीचा कळस म्हणून, येशूचं डोंगरावरचं प्रवचन यायचं होतं. ते त्याने केलंच नाही. 1925 मध्ये तो गेला आणि ती जागा कोरीच राहिली.

तर काम घ्या. पण होकार देण्याआधी तिथे जाऊन दाराजवळ, मध्यभागी आणि सगळ्यात वाईट कोपऱ्यात उभे राहा. विषय कोण ठरवणार आणि मसुद्यावर सही कोण करणार हे लेखी घ्या. आणि आठवड्यातून एक दिवस कुणाला तरी समोर बसवून कोळशात चेहरा काढत राहा. सहा महिने परांचीवर काढले की हात जड होतो. माझा झाला होता, आणि तो परत हलका व्हायला पोर्ट्रेटची चार वाईट कामं खर्ची पडली.