न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जुलै महिन्यात दोघांनी गाडीने फिरायचे असेल तर

तुमचा बेत मला समजला तो असा: जुलैच्या मध्यात तुम्ही दोघे पुण्याहून येणार, ख्राइस्टचर्चला उतरून कॅम्परव्हॅन घेणार आणि दहा रात्रींत कैकोरा, पश्चिम किनारा, फ्रान्झ जोसेफ, वानाका, क्वीन्सटाउन, तिथून एका दिवसात मिलफर्ड साउंड या खाडीला जाऊन-येऊन, मग ड्युनेडिन आणि पुन्हा ख्राइस्टचर्च अशी प्रदक्षिणा पूर्ण करणार. बहुतेक वेळ गाडी एकच जण चालवणार. तिथल्या हिवाळ्यात हे जमेल का, असा तुमचा प्रश्न आहे. हिवाळ्यात गाडीने फिरणे नक्की जमेल, पण या आराखड्याने नाही. आम्ही दोघे ख्राइस्टचर्चला राहतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे गाडीने जाणे हा आमचा नेहमीचा शिरस्ता आहे, त्या अनुभवावरून हे लिहितो.

दक्षिण बेटाचे क्षेत्रफळ सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास निम्मे आहे. नकाशावर ते आटोपशीर दिसते आणि तिथेच नियोजन फसते. तुमची प्रदक्षिणा दोन हजार किलोमीटरच्या वर जाते. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे अशी धावपळ निभावून जाते. जुलैच्या मध्यात मात्र क्वीन्सटाउनला सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि सव्वापाचच्या सुमारास मावळतो. त्यातही सकाळी दहापर्यंत डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर बर्फाचा पातळ, पारदर्शक थर असतो, जो डोळ्यांना नुसता ओला रस्ता वाटतो. बर्फाळ रस्त्याचा सराव नसलेल्या माणसाने दहाच्या आधी निघू नये आणि साडेचारपर्यंत मुक्कामी पोहोचलेले असावे, असे माझे मत आहे. हाती उरलेल्या साडेसहा तासांतून जेवण आणि फोटोंसाठीचे थांबे वजा केले, तर दिवसाला दोनशे ते अडीचशे किलोमीटर ही समाधानकारक मर्यादा ठरते.

म्हणून मी कैकोरा, पश्चिम किनारा आणि ड्युनेडिन या खेपेला सोडून देईन. पश्चिम किनारा हिवाळ्यात वाईट असतो असे मुळीच नाही. उलट तिथे या दिवसांत बरेचदा स्वच्छ हवा लाभते आणि हास्ट घाट जेमतेम ५६० मीटर उंचीचा असल्यामुळे तो इतर घाटांपेक्षा क्वचित बंद होतो. मात्र दहा रात्रींत पश्चिम किनारा कोंबला, तर प्रत्येक मुक्काम एका रात्रीचा होतो, आणि घाट बंद झाल्यावर सरकवायला एकही मोकळा दिवस उरत नाही. हिवाळ्यातल्या प्रवासात हा मोकळा दिवसच सगळ्यांत मोलाचा असतो.

मी सुचवतो तो क्रम असा. पहिली रात्र ख्राइस्टचर्चलाच काढा, कारण न्यूझीलंडचे हिवाळी घड्याळ भारताच्या साडेसहा तास पुढे असते आणि लांब विमानप्रवासानंतर लगेच अनोळखी रस्त्यावर गाडी चालवणे धोक्याचे आहे. दुसऱ्या दिवशी जेराल्डीन, फेअरली आणि बर्क्स पास या मार्गाने टेकापोला जा. हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तीन रात्री त्या मॅकेन्झी पठारावर घालवा: दोन टेकापोला आणि एक आओराकी माउंट कुक गावात. त्यानंतर ९७१ मीटर उंचीच्या लिंडिस घाटातून वानाकाला एक रात्र, तिथून क्रॉमवेलमार्गे मिलफर्डच्या वाटेवरच्या ‘ते आनाउ’ या गावी दोन रात्री आणि शेवटी क्वीन्सटाउनला तीन रात्री. गाडी क्वीन्सटाउनलाच परत करून विमानाने ऑकलंड किंवा ख्राइस्टचर्च गाठा. एकेरी भाड्याचे थोडे जास्त पैसे पडतील, पण परतीचा कंटाळवाणा पूर्ण दिवस वाचेल. क्वीन्सटाउनचा विमानतळ डोंगरांनी वेढलेला असल्यामुळे धुके किंवा खाली उतरलेले ढग असले की उड्डाणे रद्द होतात; त्यामुळे आंतरराष्ट्रीय उड्डाण त्याच संध्याकाळचे ठेवू नका.

मॅकेन्झी पठाराला तीन रात्री जास्त वाटतील, पण तुमच्या सहलीतला सर्वांत समृद्ध भाग तोच ठरेल. टेकापो आणि पुकाकी या तलावांचा दुधाळ निळा रंग हिमनद्यांनी दळून आणलेल्या खडकाच्या पिठीमुळे येतो, आणि हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात तो दिवसभर बदलत राहतो. पुकाकीच्या काठाने जाणारा पंचावन्न किलोमीटरचा रस्ता थेट ३,७२४ मीटर उंचीच्या आओराकीच्या पायथ्याशी संपतो. तिथे टास्मान हिमनदीच्या दर्शनस्थळापर्यंतची चढण आणि किआ पॉइंटची पायवाट या दोन्ही वाटा प्रत्येकी तासाभरात होतात. निघण्यापूर्वी गावातल्या निसर्ग संवर्धन विभागाच्या केंद्रात वाटांची स्थिती विचारून घ्या, कारण हिमप्रपाताच्या धोक्यामुळे काही वाटा बंद ठेवतात.

रात्रीचे आकाश हे तिथे थांबण्याचे दुसरे कारण. हा सारा प्रदेश २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मान्यतेचे अंधारे-आकाश राखीव क्षेत्र आहे, आणि आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग जून-जुलैतच डोक्यावर येतो. आपल्याकडे दक्षिण क्षितिजाकडे झुकलेला वृश्चिक तिथे थेट माथ्यावर असतो आणि त्रिशंकू इतका उंच दिसतो की ओळखायला क्षणभर वेळ लागतो. पुण्यात त्या दिवसांत आभाळ ढगांनी गच्च भरलेले असते, हा फरक तुम्हाला विशेष जाणवेल. चंद्र पाहून तारखा ठरवता आल्या, तर अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा.

आता मिलफर्डविषयी सविस्तर, कारण तुमच्या आराखड्यातला खरा धोका तिथे आहे. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड एका बाजूने सुमारे २९० किलोमीटर आहे. म्हणजे जुलैत जाण्या-येण्यातला बराच भाग अंधारात आणि गोठलेल्या रस्त्यावर करावा लागेल. ते आनाउहून तेच अंतर १२० किलोमीटरच्या आत येते. त्या रस्त्यावरचा होमर बोगदा सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा आणि ९४५ मीटर उंचीवर आहे. त्याचे काम १९३५ मध्ये सुरू झाले आणि १९५४ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. बोगद्याच्या दोन्ही अंगांना हिमप्रपाताचे उतार आहेत. साठलेला बर्फ स्वतःहून कोसळण्याची वाट न पाहता हेलिकॉप्टरमधून स्फोटके टाकून तो मुद्दाम खाली आणतात, आणि तोवर रस्ता बंद असतो. कधी हे काम काही तासांत उरकते, कधी दिवसही जातो. ते आनाउला दोन रात्री ठेवण्याचे कारण हेच की पहिला दिवस हुकला तरी दुसरा हाती राहतो. त्या पट्ट्यात थांबण्यास मनाई असलेल्या पाट्या दिसतील. तिथे फोटोसाठी अर्धा मिनिटही थांबू नका. ते आनाउ सोडल्यावर मोबाइलचे नेटवर्क आणि पेट्रोल दोन्ही गृहीत धरू नका. माझी स्पष्ट शिफारस अशी की त्या एका दिवसापुरती गाडी ते आनाउलाच ठेवा आणि बसने जा. चालकाला त्या रस्त्याची सवय असते आणि तुम्हा दोघांनाही खिडकीबाहेर पाहता येते. पावसाची फार धास्ती घेऊ नका: मिलफर्डला वर्षाकाठी साडेसहा मीटरहून अधिक पाऊस पडतो, पण हिवाळा हा तिथला तुलनेने कोरडा काळ आहे. बोगद्याजवळ ‘किआ’ जातीचे धीट डोंगरी पोपट गाड्यांच्या खिडक्यांचे रबर कुरतडताना दिसतील. त्यांना खायला घालू नका, आणि गाडीवर लक्ष ठेवा, कारण भाड्याच्या गाडीचे रबर गेले तर त्याचा हिशेब तुमच्याच नावावर लागतो.

कॅम्परव्हॅनचा मोह मला समजतो, पण जुलैत मी तो टाळीन. मॅकेन्झी पठारावर रात्रीचे तापमान शून्याखाली बरेच उतरते. वीजजोडणी असलेल्या जागेवर उभी नसेल तर गाडी उबदार ठेवणे अवघड होते, पाण्याच्या नळ्या गोठतात आणि उंच, जड वाहन वाऱ्यात व बर्फावर सांभाळायला कठीण जाते. शिवाय अशा बहुतेक गाड्या डिझेलच्या असतात. डिझेलच्या गाडीला किलोमीटरमागे वेगळा रस्ताकर भरावा लागतो आणि तो भाडेकरूकडून वसूल होतो. साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होत असल्यामुळे डोंगराळ भागातल्या पंपावरच हिवाळी मिश्रणाचे डिझेल भरावे लागते. त्यापेक्षा चारचाकी ओढीची (फोर-व्हील ड्राइव्ह) साधी पेट्रोल गाडी आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोटेल ही जोडी मला अधिक पटते. मोटेलमध्ये विजेवर तापणारी गादीची चादर असते का हे आरक्षण करतानाच विचारा. लहान गावांत रात्री आठनंतर जेवण मिळेल याची खात्री नसते, म्हणून तांदूळ आणि डाळ ख्राइस्टचर्चच्या सुपरमार्केटमधून घेऊन ठेवली की सोय होते.

चारचाकी ओढ असली म्हणजे टायरच्या साखळ्या नकोत, असा एक गैरसमज सर्वत्र आढळतो. चारचाकी ओढ गाडी पुढे न्यायला उपयोगी पडते. बर्फावर थांबायला ती मदत करत नाही. साखळ्या भाड्यासोबत मागून घ्या, आणि त्या कोणत्या चाकांना लावायच्या हे दाखवून घेऊन कंपनीच्या आवारातच दोघांनी एकेकदा लावून पाहा. साखळ्या चढवल्यावर वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेऊ नका. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेटचे द्रावण फवारतात. त्याची सूचना देणारी पाटी दिसली की वेग कमी करा, कारण ताज्या द्रावणावर चाक घसरू शकते. वानाकाहून क्वीन्सटाउनला जाणारा क्राउन रेंजचा १,०७६ मीटरचा रस्ता जवळचा दिसेल, पण मी तुम्हाला मुद्दाम क्रॉमवेलमार्गे पाठवतो आहे. स्की मैदानांकडे चढणाऱ्या अनेक रस्त्यांवर डांबर नाही आणि भाडेकरारातला विमा तिथे बहुधा लागू होत नाही. तिथे जायचे तर शटल घ्या. रात्री गाडी सपाटीवर उभी करून हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा, कारण ओढलेला ब्रेक गोठून अडकतो. आणि सकाळी काचेवर कधीही गरम पाणी ओतू नका, काच तडकते.

वाहतूक डावीकडूनच असल्यामुळे तुम्हाला जुळवून घ्यायला वेळ लागणार नाही. इंग्रजीतला वैध भारतीय परवाना चालतो. चौकातल्या वर्तुळात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. एकपदरी पुलांवर लाल कडेच्या गोल पाटीत तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल दिसला, तर थांबायचे तुम्ही. आणि विम्यात दोघांचीही नावे चालक म्हणून घाला, जरी एकच जण चालवणार असला तरी. शेजारी बसलेल्याने रोज सकाळी न्यूझीलंड वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती वाचायची आणि निघायचे की नाही हा शेवटचा शब्द त्याचा असायचा, अशी वाटणी आमच्या घरात आहे. चाकामागे बसलेल्या माणसाला पुढे जाण्याची घाई असते, त्यामुळे हा अधिकार त्याच्याकडे नसलेला बरा. आणीबाणीचा क्रमांक १११ आहे. अपघातात इजा झाल्यास सरकारी योजनेतून पर्यटकांनाही उपचारात मदत मिळते, पण आजारपण त्यात येत नाही, म्हणून प्रवासविमा हवाच.

जुलैत इथल्या शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी असते आणि तेव्हा क्वीन्सटाउन भरून जाते. त्या तारखा पाहूनच तिकिटे काढा. शेवटी सामानाविषयी. मध, बिया, ताजी फळे-भाज्या आणि दुधाचे पदार्थ आणू नका. पेढे-बर्फीही त्यात आल्या. बाकीचा कोरडा खाऊ प्रवेशाच्या घोषणापत्रात जाहीर करा. पावसाळ्यात सह्याद्रीत वापरलेले ट्रेकिंगचे बूट आणणार असाल, तर तळव्यांच्या खाचांतली माती ब्रशने पूर्ण काढा आणि बूटही जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. न जाहीर केलेली सापडली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो.